रिकामा वाडा आणि भरलेली गल्ली

आमच्या गल्लीत एक वाडा आहे. 2014 सालापासून तो रिकामा आहे. पुण्याच्या पेठेतल्या वाड्याचे वर्णन करायला फारशी प्रतिभा लागत नाही. दगडी जोते, सागवानी खांब-तुळया, मधोमध चौक, चौकात हौद, मागे परसू आणि परसात पारिजातक, एवढे लिहिले की वाचक उरलेले आपल्या आठवणीतून भरून घेतो. मी स्वतः एका कादंबरीत हे केलेले आहे. पण आजचे वर्णन वेगळे आहे. दिंडी दरवाजाला साखळी आणि कुलूप. वरची गॅलरी रस्त्याच्या बाजूला झुकलेली. मागच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आलेला, आणि त्याची मुळे आता आतल्या विटांना धरून आहेत की विटा मुळांना, हे सांगता येत नाही. पावसाळ्यात हौदात पाणी साठते आणि संध्याकाळी गल्लीभर डास होतात. महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांची यादी करते आणि नोटिसा चिकटवते. आमच्या वाड्याच्या दारावर अशा नोटिसांचे थरावर थर चढले आहेत.

2022 च्या जुलैमध्ये एका रात्री परसाकडची भिंत कोसळली. पहाटेचे तीन वाजले असतील. दोन तासांनंतर पडली असती, तर त्या बोळातून पेपर टाकणारा मुलगा सायकल घेऊन जात असता. आम्ही सगळे खाली जमलो, महापालिकेला शिव्या दिल्या, चहा घेतला आणि वर गेलो.

पुढच्याच वर्षी वाड्यावर नवी इमारत उभी राहणार असल्याचे कळले. खाली वाहनतळ, वर पाच मजले. अकरा जुन्या भाडेकरूंची घरे आणि विक्रीसाठी चौदा, अशी पंचवीस बिऱ्हाडे. त्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. एवढी उपस्थिती आमच्या वार्षिक सभेला कधी नसते. गल्ली अरुंद आहे, अग्निशामक गाडी आत वळणार कशी? पाण्याचा दाब आधीच कमी आहे. गाड्या कुठे लावणार? समोरच्यांचा प्रकाश जाईल. गणपतीचा मांडव कुठे घालायचा? आणि शेवटी, जरा खालच्या आवाजात, एक प्रश्न आला: ‘‘घरं एवढी लहान आहेत म्हणजे येणारे लोक कसले असणार?’’ त्यावर कुणीतरी म्हणाले, ‘‘आपल्यातलेच येतील याची काही हमी आहे का?’’

या शेवटच्या प्रश्नावर कुणी काही बोलले नाही. मीही नाही.

निवेदन लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. ‘‘साहेब, भाषा तुमची,’’ असे म्हटले की आमच्यासारख्या माणसाचे काय होते ते सांगायला नको. मी दीड पान लिहिले. वास्तूचा आत्मा, पेठेची संस्कृती, पुढच्या पिढ्यांचा वारसा, सगळे त्यात आले. छत्तीस सह्या झाल्या. पहिली माझी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई म्हणाली, ‘‘काका, तुम्ही सही केलीत होय?’’

तिला मी लहानपणापासून ओळखतो. ती त्याच वाड्यात जन्मली. तिचे वडील छापखान्यात जुळारी होते आणि मागच्या चौकातल्या दोन खणांत ते कुटुंब राहत असे. पुढच्या चौकातल्या दोन खणांत आम्ही. 2014 मध्ये वाडा धोकादायक ठरवून रिकामा केला तेव्हा जी अकरा बिऱ्हाडे बाहेर पडली, त्यांतले एक तिचे. आज ती आंबेगावच्या पुढे भाड्याच्या खोलीत राहते, पहाटे पाचला उठते, दोन बस बदलते आणि आमच्या गल्लीतल्या चार घरच्या पोळ्या करते. म्हणजे ज्या गल्लीत तिचा हक्क आहे, त्या गल्लीत ती रोज येते आणि रोज संध्याकाळी परत जाते. नव्या इमारतीतल्या अकरा घरांपैकी एक तिचे आहे. मी हे विसरलो नव्हतो. माझ्या निवेदनात ती कुठे बसत नव्हती, म्हणून मी तिला बाहेर ठेवले होते.

‘‘अगं, वाडा पाडू नये असं आमचं म्हणणं आहे,’’ मी म्हणालो.

‘‘पण काका, तो तर पडलाच आहे की.’’

आता वाड्याच्या संस्कृतीविषयी. ही संस्कृती मी उपभोगली आहे, तिच्यावर लिहून चार पैसे आणि थोडे नाव मिळवले आहे, म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो. आमच्या वाड्यात सतरा बिऱ्हाडांत मिळून तीन संडास होते. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभे राहण्याच्या गमती मी लिहिल्या आहेत. पण माझी आई त्या रांगेत पहाटे चारला, अंधारात, कुणी उठायच्या आत जात असे, हे मी लिहिले नाही. पाणी चौकातल्या नळाला यायचे आणि जिन्याच्या चौदा पायऱ्या चढवून ती ते वर आणायची. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीला खिडकी नव्हती. माझ्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता तो तिकडे नळ घरात आहे का, हा. वाड्यांविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांत मला पुरुषच अधिक भेटले आहेत. माझ्या आईने नव्वदाव्या वर्षापर्यंत गावातल्या अनेक गोष्टींची आठवण काढली. वाड्याची एकदाही काढली नाही.

शिवाय आमचा वाडा म्हणजे काही सरदाराची हवेली नव्हे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आहे, नाना फडणविसांचा नानावाडा आहे; त्यांच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करून ते जतन केले पाहिजेत आणि त्याबाबत कुणी कंजूषपणा करू नये. आमचा वाडा एका सावकाराने भाडे मिळवायलाच बांधला होता. जागा वाढवायची तसतशी त्याने चौकात खोल्या काढल्या, माड्या चढवल्या, गॅलऱ्यांना पत्रे ठोकले. तो त्याच्या काळचा बिल्डरच होता. फक्त त्याला जाऊन शंभर वर्षे झाल्यामुळे आपण त्याला आदराने मालक म्हणतो.

मग वाडा असा मोडकळीला का आला? याचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच पूर्ण सांगत नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या काळात ते आवश्यकच होते; नाहीतर माझ्या वडिलांसारखे कारकून रस्त्यावर आले असते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धे शतक राहिला. आम्ही दोन खणांना महिना अकरा रुपये देत होतो. 1961 च्या जुलैत पानशेत फुटले तेव्हाही अकरा, आणि मी बँकेत लागलो तेव्हाही अकरा. अकरा रुपयांत मालकाने कौले शाकारायची, संडास झाडून घ्यायचे आणि कर भरायचा. त्याने यातले एकेक बंद केले. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत असे म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला. त्यात भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येते. अकराचे चार टक्के किती होतात? चव्वेचाळीस पैसे. तोवर मालकाचे सात वारस झाले होते, त्यांतला एक न्यू जर्सीत होता आणि दोघे एकमेकांविरुद्ध कोर्टात.

म्हणून मला मालकाचा राग येत नाही आणि भाडेकरूंचाही नाही. स्वतःविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1988 मध्ये आम्ही आमच्या खोल्या सोडल्या त्या फुकट सोडल्या नाहीत. मालकाने काही रक्कम दिली, आम्ही ती घेतली, आणि त्यात बँकेच्या कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने मिळणाऱ्या गृहकर्जाची भर घालून समोरच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. ती इमारत कशावर उभी आहे? एका वाड्यावर. माझ्या फ्लॅटखाली कुणाचे तरी माजघर होते. त्या वेळी गल्लीत सभा झाली नाही, आणि माझ्यासारखी भाषा असलेल्या कुणी निवेदन लिहिले नाही, एवढ्यामुळे मी आज या गल्लीचा ‘जुना रहिवासी’ म्हणून सही करू शकलो.

बँकेत तीस-बत्तीस वर्षे घालवल्यामुळे मला एक वाईट खोड आहे. भावना ऐकून घेतल्यावर मी कागदावर आकडे मांडतो. निवेदनात आमची एक मागणी होती की पाचाऐवजी तीनच मजले बांधावेत. ऐकायला किती समंजस वाटते! आकडे सोयीसाठी गोल करतो. प्लॉट पाच हजार चौरस फुटांचा आणि त्यावर दहा हजार फूट बांधता येते असे धरू. अकरा भाडेकरूंना तीनशे फुटांप्रमाणे तेहतीसशे फूट विनामूल्य द्यायचे. उरले सहा हजार सातशे. हे विकून बिल्डरने मालकांचे सात वाटे द्यायचे, पूर्ण इमारतीचा खर्च काढायचा, अकरा कुटुंबांचे इमारत होईपर्यंतचे घरभाडे भरायचे आणि स्वतःचा नफा घ्यायचा. आता दोन मजले, म्हणजे चार हजार फूट, कमी करा. भाडेकरूंचे तेहतीसशे कमी होत नाहीत. सगळी काट विक्रीच्या भागाला बसते. तिथे उरतात सत्तावीसशे. इतक्या विक्रीवर एवढा खर्च भागवणारा हिशेब मला तरी जमलेला नाही. शाखेत अशी फाइल टेबलावर आली असती तर मी दुसऱ्या पानावर परत पाठवली असती. तेव्हा ‘तीन मजले बांधा’ याचा अर्थ ‘काहीच बांधू नका’ असा आहे. तो तसा आहे हे सभेतल्या दोघा-तिघांना नक्की कळत होते.

विलंबाचेही तसेच. समजा, बिल्डरने चौदा टक्क्यांनी दोन कोटी उचलले आहेत. वर्षाचे व्याज अठ्ठावीस लाख. अकरा कुटुंबांना महिना बारा हजार घरभाडे द्यायचे तर वर्षाचे सुमारे सोळा लाख. एकूण चव्वेचाळीस. विक्रीच्या सहा हजार सातशे फुटांवर ते वाटले तर फुटाला साडेसहाशे रुपये पडतात. चारशेऐंशी फुटांच्या घराला तीन लाखांहून अधिक. आम्ही हरकत घेऊन एक वर्ष घालवले की हे तीन लाख बिल्डर आपल्या खिशातून घालील असे ज्यांना वाटते त्यांनी कधी व्यवसाय केलेला नाही. शक्य झाले तर ते कुणा तरुण नवरा-बायकोच्या हप्त्यात जातील. शक्य झाले नाही तर बिल्डर काढता पाय घेईल आणि भाडेकरूंचे घरभाडे बंद होईल. दुसरा प्रकार मी पेठेत अधिक पाहिला आहे.

बिल्डर हा संत आहे असे माझे म्हणणे नाही. कर्जाच्या टेबलाच्या पलीकडून मी त्या जमातीला बरीच वर्षे पाहिले आहे. म्हणूनच 2017 मध्ये महारेरा सुरू झाले ते बरे झाले. आपल्या शेजाऱ्यांनी हरकती घ्यायच्याच असतील तर घेण्यासारख्या आहेत. भाडेकरूंची घरे आधी बांधून होणार की विक्रीची? घरभाडे किती महिन्यांचे आगाऊ ठेवले आहे? ड्रेनेजची जुनी वाहिनी पंचवीस बिऱ्हाडांना पुरत नसेल तर ती कोण बदलणार? राडारोडा गल्लीत किती दिवस पडून राहणार? अग्निशामक दलाची अट नेमकी कशी पाळली आहे? हे प्रश्न आम्ही विचारले नाहीत. आम्हाला आत्मा आणि वारसा यांतून सवड मिळाली नाही.

गाड्यांच्या प्रश्नाचे तर मला हसूच येते. रात्री दहानंतर आमच्या गल्लीत ज्या अठरा-वीस मोटारी आणि असंख्य दुचाक्या उभ्या असतात, त्या रिकाम्या वाड्यातल्या रहिवाशांच्या नव्हेत. त्या आमच्या आहेत. आमच्या इमारतीला खाली पार्किंग आहे, पण त्यातल्या दोन जागांत एकाने गोदाम केले आहे आणि एका जागेत ती सभा झाली. नव्या इमारतीला वाहनतळ आहे आणि आराखड्यात तिची पुढची भिंत आजच्या भिंतीपेक्षा चार फूट मागे आहे. म्हणजे मांडवाला जागा वाढणार आहे. शिवाय सप्टेंबर 2024 पासून मंडई आणि कसबा पेठेखालून मेट्रो धावते आहे. एवढा पैसा ओतून शहराच्या मध्यापर्यंत गाडी आणायची, आणि तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहू इच्छिणाऱ्याला मात्र दूर डोंगराकडे पाठवायचे, हे काही मला समजत नाही.

प्रकाशाचा मुद्दा खरा आहे, आणि तो माझ्या घरालाच लागू आहे. माझी लिहिण्याची खोली वाड्याकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन कौलांवरून येते आणि नऊपर्यंत टेबलावर असते. पाच मजले झाल्यावर ते येणार नाही. मला त्याचे वाईट वाटणार आहे. पण ते ऊन माझ्या खरेदीखतात लिहिलेले नव्हते. शेजारची अकरा घरे रिकामी होती म्हणून ते मला बिनभाड्याने मिळत होते.

आपल्या देशाचा हिशेबही असाच विचित्र आहे. 2011 च्या जनगणनेत शहरांतली सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली. त्यानंतर लगेच, 2012 मध्ये, सरकारच्याच तज्ज्ञगटाने शहरी भागात एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास घरांची तूट असल्याचे सांगितले. 2017-18 च्या आर्थिक पाहणीनुसार रिकाम्या घरांत सर्वांत पुढे मुंबई, चार लाख ऐंशी हजार. घरे आहेत तिथे माणसे नाहीत, माणसे आहेत तिथे घरे नाहीत. बंद घरांची कारणे निराळी असतील, गुंतवणूक, भाडेकरूची भीती, वारसांची भांडणे. पण शहराच्या मधोमध वर्षानुवर्षे कुलूपबंद पडलेली जागा बघून ज्याला काहीच वाटत नाही, त्याने घर शोधत कधी पायपीट केलेली नसावी.

‘आपल्यातलेच येतील का’ या प्रश्नाकडे आता यायला हवे, कारण इतका वेळ मी ते टाळले. वाड्याच्या ज्या संस्कृतीचे आम्ही निवेदनात गोडवे गायले, तिच्यात आमच्या शेजारी जुळारी होते, त्यापलीकडे एक शिंपी, वर शाळामास्तर, तळघरात उदबत्त्या वळणाऱ्या एक विधवा बाई आणि दिंडीदरवाजाच्या बाजूला मालकांचा गडी. कमी पगाराची माणसे लहान जागेत राहत होती. वाडा म्हणजे तेवढेच होते. जातीपातीचे सोवळेओवळे तेव्हा भरपूर होते, त्याचेही कौतुक नको. ‘आपल्यातले’ हा शब्द तिथूनच आमच्यापर्यंत आला. पण गंमत पाहा, तीनशे-चारशे फुटांची घरे आली तर जुन्या वाड्यासारखी वस्ती पुन्हा होण्याची शक्यता आहे, आणि नेमकी तीच आम्हाला नको आहे. वाडा हवा, वाड्यातली माणसे नकोत.

गेल्या महिन्यात मी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन माझी सही मागे घेत असल्याचे पत्र दिले. लिपिकाने विचारले, सही मागे घ्यायचा नमुना कुठला? असा नमुना नसतो असे दोघांनाही कळल्यावर त्याने पत्रावर शिक्का मारला आणि आवक क्रमांक दिला. पत्र एका पानाचे आहे. इमारतीला माझी हरकत नाही. भाडेकरूंची घरे, ड्रेनेज, राडारोडा आणि अग्निशामक यांविषयीची उत्तरे लेखी मिळावीत, एवढेच त्यात आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याची प्रत टाकली. तीन जण बोलत नाहीत. एकाने खाजगीत सांगितले की त्यालाही सही मागे घ्यायची आहे, पण मुलाच्या लग्नानंतर.

परवा पोळ्या झाल्यावर तिने पिशवीतून करारनामा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चौसष्ट पाने. 2014 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ते तिने शांतपणे ऐकले. मग घरभाड्याचे कलम, मुदतीचे कलम, दंडाचे कलम. दोन ठिकाणी मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि वकिलाला विचार असे सांगितले. शेवटी नकाशाचे पान आले. तिसरा मजला, पश्चिमेकडचा कोपरा. तिने पान उलटे-सुलटे फिरवून पाहिले.

‘‘काका, यात खिडकी कुठल्या बाजूला आहे?’’

मी बोट ठेवून दाखवली. ती माझ्या लिहिण्याच्या खोलीच्या बरोबर समोर येते.